ऑलिव्हचा इमल्सिफायर: सहा महिने वापरल्यावर

दिवाळी झाली की सकाळी साडेसहाला साताऱ्याहून कोरेगावला स्कूटरवर जायचं म्हणजे हातांची सालपटं निघणारच. आधी मी स्टिअरिक ॲसिड आणि ट्रायइथेनॉलअमाइन वापरून घरीच क्रीम करायचे. त्या दोघांचा साबणच होतो आणि तोच तेल-पाणी धरून ठेवतो. दिसायला पांढरंशुभ्र, पण अल्कधर्मी. भेगांवर लावलं की चुरचुरायचं. म्हणून नोव्हेंबरात ऑलिव्ह तेलापासून केलेला इमल्सिफायर, म्हणजे तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ, मागवला: सिटेरिल ऑलिव्हेट आणि सॉर्बिटन ऑलिव्हेट यांचं तयार मिश्रण. मेणाच्या चकत्यांसारखं दिसतं.

याच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. तेलाच्या प्रत्येक थेंबाभोवती त्यांचं कडं बसतं, मग थेंब एकत्र येत नाहीत. काम साबणाचंच, पण याच्यावर विद्युतभार नाही, त्यामुळे त्वचेच्या प्रथिनांना आणि तिच्या स्वतःच्या चरबीला तो कमी छेडतो. सौम्य म्हणतात ते एवढ्यासाठी. हात बरे करतं ते तेल आणि ग्लिसरीन. हा मध्ये लुडबुड करत नाही, एवढंच.

पहिली बॅच फसली, चूक माझीच. तेल तापवलं, पाणी कोमटच घातलं, वर ताकाची रवी फिरवली. चकत्यांचे कण धरले आणि दोन दिवसांत खाली पाणी. आता दोन्ही भांडी 75 अंशांपर्यंत तापवते, हँड ब्लेंडर लावते आणि थंड होईपर्यंत मधूनमधून ढवळते. 100 ग्रॅमला पाणी 70, तिळाचं तेल 18, इमल्सिफायर 5, ग्लिसरीन 4, घट्टपणासाठी सिटाइल अल्कोहोल 2 आणि 40 अंशांखाली आल्यावर प्रिझर्वेटिव्ह 1. हे शेवटचं एकदा 'घरचंच तर आहे' म्हणून गाळलं, तर काही दिवसांत झाकणाखाली बुरशी.

तक्रार एकच: चोळताना पांढरे पट्टे उठतात. इमल्सिफायर 4 वर आणला (पाणी 71), तर कमी झाले, गेले नाहीत. शिवाय क्रीम पहिल्या दिवशी पातळ वाटतं, दोन दिवसांनी घट्ट होतं. मी घाईने सिटाइल अल्कोहोल वाढवलं होतं, मग डबीतून चमच्याने खरवडायची वेळ आली.

चुरचुर मात्र पहिल्याच आठवड्यात थांबली. सासूबाईंचं म्हणणं, "एवढ्या खटाटोपापेक्षा तूप लावायचंस की!" तूप लावून पाहिलंय, स्कूटरची मूठ निसटते आणि वह्यांवर डाग पडतात. जानेवारीपासून त्यांच्या टाचांसाठी वेगळी डबी भरावी लागते, तिच्यात तेल 25.