निओप्रीनचे हातमोजे: नऊ महिने, त्यातला एक उन्हाळा

जळगावला माझं ट्रक-ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. नोव्हेंबरात कोपरापर्यंतचे निओप्रीनचे, म्हणजे तेल-रसायनांना टिकणाऱ्या रबराचे, हातमोजे घेतले, दोन जोड्या.

निमित्त केळीच्या ट्रकचं. सावद्याहून भरून निघाला आणि वाटेत वायरिंग शॉर्ट होऊन इंजिन पेटलं. आमच्याकडे आला तेव्हा क्रँकचं मागचं ऑइल सील, म्हणजे तेल गळू न देणारी रबरी रिंग, काळं, चिकट होऊन बसलेलं. पोरगा नखाने खरवडायला निघाला. थांबवलं तर म्हणतो, "काही होत नाही भो."

होतं. सील व्हायटनचं, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या खास रबराचं असेल तर त्यात फ्लोरिन असतं. २०० अंशांपर्यंत ते निवांत टिकतं, पण ३०० च्या वर जळालं की हायड्रोफ्लोरिक ॲसिड सुटतं. ते लागल्या लागल्या भाजेलच असं नाही. कधी काही तासांनी ठणका सुरू होतो, तोवर ते आत हाडापर्यंत उतरलेलं असतं. आणि रंगावरून व्हायटन ओळखू येत नाही, काळंही असतं. म्हणून जळकं सील दिसलं की ते व्हायटनच धरायचं. धड सीलला मात्र घाबरू नका, उघड्या हाताने खुशाल बसवा.

त्या दिवशी मोज्यांची एक जोडी चढवली, चष्मा लावला, चुन्याच्या निवळीने सगळं भिजवलं, मग लाकडी पट्टीने खरवडलं. ती जोडी लगेच टाकून दिली. जीवावर आलं, पण असे मोजे धुऊन परत घालायचे नसतात.

दुसरी जोडी अजून आहे. ऑइल-डिझेलने फुगली नाही. सर्क्लिपने (स्प्रिंगसारखी लोखंडी रिंग) अंगठ्याला बारीक भोक पाडलं, ते पाणी भरून पाहिलं तेव्हा कळलं. आता ती फक्त ग्रीसच्या कामाला. बारीक कामाला तशीही निरुपयोगी, व्हॉल्व्ह सील बोटात धरवत नाही. आणि मे महिना! पत्र्याच्या शेडमध्ये मोजा उलटा केला की घामाची धार. एक नंबर मोठाच घ्या.

सोबत कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल ठेवलंय. मेडिकलवाल्याला मागवावं लागलं. ते ॲसिड लागलंच तर आधी भरपूर पाणी, मग जेल चोळत थेट दवाखाना. अजून उघडलेलं नाही.

खरी भीती शेकोटीची निघाली. डिसेंबरात पोरं जुनी सीलं टायरसोबत टाकून हात शेकत होती, म्हणजे त्याच ॲसिडचा विषारी धूर छातीत. तेव्हापासून जुन्या सीलांना वेगळा डबा आहे. तो आता भरत आलाय. भंगारवाला मागतो, पण तो जाळूनच टाकेल, म्हणून दिलेला नाही.