आमच्याकडे हेडफोनची निवड कूलरपासून सुरू होते

अमळनेरचा माझा आतेभाऊ तबला शिकतो. परवा भुसावळला आला तो खिशात चिठ्ठी घेऊनच. हेडफोन, डॅक (डिजिटल गाण्याचा हेडफोनला वाजवता येईल असा सिग्नल करणारा), अ‍ॅम्प (तो सिग्नल मोठा करणारा), सगळं दहा हजारांत बसवायचं. मी चिठ्ठी बाजूला ठेवायला लावली आणि माझा ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम४०एक्स त्याच्या डोक्यावर चढवला. दोन वर्षं रोज वापरतोय, म्हणून पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी लिहितो.

मे महिन्यात इथे पारा ४५च्या पुढे जातो. पत्र्याचा कूलर दिवसभर घरघरतो, रुळ जवळ असल्यामुळे रात्री मालगाड्याही असतात. उघड्या पाठीच्या, म्हणजे कपांना मागून जाळी असलेल्या हेडफोनचा आवाज मोकळा, समोर बैठक बसल्यासारखा, आणि कानांना वाराही लागतो. पण बाहेरचं सगळं आत येतं. मी आधी तसाच घेतला होता. थंडीत जीव रमला. होळीनंतर कूलर लागला आणि तानपुरा त्यात बुडून गेला. मी आवाज वाढवत गेलो, आणि रात्री कानात शिट्टी वाजायला लागली. भीतीच वाटली. गोंगाटावर आवाज चढवायचा नाही, हे नवख्याने पहिल्या दिवसापासून पाळावंच. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगते.

एम४०एक्स बंद पाठीचा. कूलर थांबत नाही, पण मागे सरकतो. आत ४० मिलिमीटरचे ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे छोटे स्पीकर, आणि ३५ ओहमचा, म्हणजे विजेला अडथळा कमी असल्याने साध्या फोनवरही भरपूर वाजतो. चिठ्ठीतला अ‍ॅम्प तिथेच खोडला. सेनहायझर एचडी ६००सारखा ३०० ओहमचा घेणार असाल तर अ‍ॅम्पचा विचार करा.

आता खरी गोष्ट. तानपुऱ्याची तार सुटल्यावर जवारीची जी बारीक झणझण वर चढत जाते, ती यात शेवटपर्यंत ऐकू येते. डग्ग्यावर मनगट सरकवल्यावर ‘घे’ कसा वळतो, तेही. बास फुगवलेल्या हेडफोनमध्ये त्याचा नुसता ‘धब’ होतो. भावाने डोळे मिटले, मांडीवर बोटं चालायला लागली. म्हणाला, “मनगट दिसी राहिनं, भो!”

बंद पाठीचा कुठलाही हेडफोन आमच्या उन्हाळ्यात कान तापवतो. मी पाऊण तासाने काढतो आणि गाद्या सुती फडक्याने पुसतो. घामाने कृत्रिम चामडं सोलतं, म्हणून गाद्या बदलता येतात का ते घेतानाच बघा. याच्या येतात. वायरही सुटी होते. डब्यात एक गुंडाळीची आणि एक तीन मीटरची सरळ, अशा दोन मिळतात.

माझ्या फोनला हेडफोनचं भोकच नाही. बाजारातून स्वस्त डोंगल, म्हणजे चार्जिंगच्या भोकात लावून हेडफोन जोडायचा तुकडा आणला, तर त्यातून आवाजच येईना. आत नुसत्या तारा होत्या, डॅकची चिप नव्हती, आणि दुकानदाराने परत घेतला नाही. डॅक आहे का, हे विचारूनच पैसे द्या. बाकी ब्लूटूथ फिरताना ठीक. स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करताना तेच कानात ऐकायचं असेल, तर आवाज उशिरा पोचतो आणि ठेका ढळतो.

भाऊ गेला तेव्हा चिठ्ठीवर हेडफोन आणि डॅकवाला डोंगल एवढंच उरलं होतं. वाचलेल्या पैशांत तो डग्ग्याची पुडी बदलून घेणार आहे.