सर्ट्रालिन की मिर्टाझॅपिन? उतारवयातलं नैराश्य आणि सोबतचे आजार

सर्ट्रालिन आणि मिर्टाझॅपिन ही दोन्ही नैराश्यावरची औषधं. सत्तरीतल्या नैराश्यावर त्यांतलं एक निवडताना आधी शरीर पाहावं लागतं. थायरॉइड, बी-१२ आणि सोडियम तपासल्याशिवाय सुरुवातच करू नये.

हृदयविकार असेल तर सर्ट्रालिन बरं. डॉक्टर सहसा रोज २५ मिलिग्रॅमवर सुरू करून पुढे ५० वर नेतात. खरी भीती या गोळीने रक्तातलं सोडियम घसरण्याची. रक्तदाबासाठी थायझाइड (लघवी वाढवणारी गोळी) चालू असेल तर जास्तच. पहिल्या २ ते ४ आठवड्यांत माणूस अचानक गोंधळू लागला, तोल जाऊ लागला, तर घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. तसं अजिबात करू नका, त्याच दिवशी सोडियम तपासा. सोबत ॲस्पिरिन किंवा सांधेदुखीची वेदनाशामक गोळी असेल तर पोटात रक्तस्रावाचा धोकाही वाढतो.

भूक मेलेली, वजन उतरलेलं, झोप उडालेली असेल तर मिर्टाझॅपिन उजवं. रात्री ७.५ ते १५ मिलिग्रॅमने सुरुवात. सोडियमचा त्रास तुलनेने कमी, पण गुंगीत लघवीला उठताना पडण्याची भीती; खाटेजवळ दिवा हवाच. मधुमेही, लठ्ठ व्यक्तीला मात्र वाढणारं वजन महागात पडतं.

गुण यायला दोन्हींना ४ ते ८ आठवडे लागतात. पंधरवड्यात कंटाळून गोळी बंद करू नका. थांबवायचीच तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.