पब्लिक लायबिलिटी की गॅरेजकीपर्स कव्हर?

कार डिटेलिंगचा (गाडीची बारकाईने सफाई आणि पॉलिश करण्याचा) धंदा सुरू करताना बरेच जण पब्लिक लायबिलिटी पॉलिसी, म्हणजे आपल्या कामामुळे इतरांना झालेल्या इजा-नुकसानीचा विमा, घेतात आणि निर्धास्त होतात. ओल्या फरशीवरून कुणी घसरलं, प्रेशर वॉशरने शेजाऱ्याची काच फुटली, तर ती कामाला येते. पण किल्लीसकट आपल्या ताब्यात दिलेल्या गाडीचं नुकसान त्यातून सहसा वगळलेलं असतं. आणि खरी जोखीम तर तिथेच!

त्यासाठी गॅरेजकीपर्स कव्हर. शेडमधून गाडी चोरीला गेली, आग लागली, आत घेताना खांबाला घासली, तर भरपाई यातून मिळू शकते. मेख एकच: काही पॉलिसी आपली कायदेशीर जबाबदारी ठरली तरच पैसे देतात, काही आपली चूक नसतानाही. दुसरा प्रकार महाग पडतो, पण मी तोच घेईन. गाडी गमावलेल्या ग्राहकाशी चूक कोणाची यावर वाद घालत बसणं फार वाईट.

पॉलिशर एकाच जागी जास्त फिरला, क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) जळला आणि बोनेटवर पांढुरका डाग उमटला, तर? सदोष कामाचं नुकसान दोन्हींतून बहुधा वगळतात. त्याची वेगळी तरतूद लेखी मागा.

घरोघरी जाऊन काम करत असाल तर आधी पब्लिक लायबिलिटी. गाड्या रात्रभर ठेवून घेत असाल तर गॅरेजकीपर्सशिवाय शटर उघडूच नका.