माती, कोकोपीट की पालापाचोळा: फेब्रुवारीत कुंडी कशानं भरायची?

फेब्रुवारीत सोसायटीतल्या बदामाची पानं लाल होऊन गळायला लागतात, कोपऱ्यावरच्या रसवंतीचे घुंगरू वाजू लागतात आणि बाल्कनीत भाजी लावायची हुक्की येते. वेळ अगदी बरोबर आहे. भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका यांच्या उन्हाळी पेरणीचे हेच दिवस. होळीनंतर पेरलेलंही उगवतं, पण मुळं धरायच्या आत रोपाला उन्हाचे चटके बसतात. पालक-मेथीचा नाद मात्र आता सोडा, पालेभाजी हवी तर माठ लावा. महिन्याभरात खुडायला येतो.

बियांपेक्षा मोठा प्रश्न कुंडी भरायचा. तिन्ही प्रकार मी करून बसलोय, म्हणून हा खटाटोप.

लाल माती आणि शेणखत हा आजीच्या काळापासूनचा मार्ग. दोन भाग माती, एक भाग खत. मातीचा मोठा गुण म्हणजे ती चुका पोटात घालते: एखाद्या दिवशी पाणी घालायला विसरलात तरी झाड तग धरतं, आणि खतातलं सत्त्वही ती धरून ठेवते. अडचण वजनाची. वीस लिटरची बॅग ओल्या मातीनं भरली की तीस किलोच्या आसपास जाते. अशा दहा बॅगा जुन्या इमारतीच्या बाल्कनीत ठेवण्याआधी विचार करा. गावाहून काळी माती तर आणूच नका. शेतात ती सोनं असेल, कुंडीत ओली असताना चिखलाचा गोळा होते आणि वाळली की भेगाळते. मग घातलेलं पाणी कडेनं सरळ खाली बशीत.

शेणखत घेताना नाक वापरायचं. मूठभर हातात घ्या. पहिल्या पावसासारखा वास आला आणि खत भुसभुशीत लागलं तर घ्या, शेणाचा वास आला तर परत ठेवा. दोन वर्षांपूर्वी मी घाईत अर्धवट कुजलेलं पोतं उचललं. मार्चमध्ये फुलावर आलेलं वांगं एका दिवसात मान टाकून बसलं. उपटलं तर हाताला काही लागलंच नाही, मुळं गायब! खाली तीन हुमण्या, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळ्या, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, इंग्रजी सी सारख्या वळून निवांत पडलेल्या.

कोकोपीट आणि गांडूळखत हे हल्लीचं लाडकं जोडपं. हलकं, स्वच्छ, लिफ्टमधून एका हातात नेता येतं. पाच किलोची वीट भिजली की फुगून साठेक लिटर होते. मात्र ते काथ्याच्या भुशाचं असल्यामुळे त्यात क्षार असतात. दोन-तीनदा भिजवून, पिळून पाणी काढून टाकल्याशिवाय वापरू नका. शिवाय त्यात झाडाला खायला जवळजवळ काहीच नसतं. निम्म्यापर्यंत गांडूळखत मिसळा आणि दर पंधरा दिवसांनी वरून मूठभर टाकत राहा, नाहीतर पानं पिवळी पडतात आणि आपण उगाच कीड शोधत बसतो. पाण्याच्या बाबतीत तर ते फसवंच: वरून कोरडं, खाली चिंब. बोट दोन पेरं आत घालून बघायचं. आणि मे महिन्यात चार दिवस गावाला गेलात तर ते इतकं सुकतं, की नंतर पाणी आत शिरायलाच तयार होत नाही.

पालापाचोळ्याबद्दल मी निःपक्षपाती नाही, आधीच सांगतो. या दिवसांत तो फुकट आहे, आणि बहुतेक ठिकाणी झाडून कोपऱ्यात जाळला जातो. मुंबईत डॉ. दोशींनी गच्चीवरची शेती उसाच्या चिपाडांवर करून दाखवली होती. रसवंतीवाल्याकडे मागितली तर पोतंभर चिपाडं तो आनंदानं देतो. तळाला चिपाडं, त्यावर चुरलेली पानं पायानं दाबून, मग बोटभर जाडीचा भाजीच्या देठा-सालींचा थर, वर पातळ शेणपाणी किंवा आंबट ताक, पुन्हा पानं. ओल्याच्या तिप्पट सुकं ठेवलंत तर वास येत नाही. ओलं जास्त झालं की चिलटं आलीच.

पण हे लगेच पेरायला तयार नसतं. चार दिवसांनी आत हात घाला, चांगलं गरम लागेल. त्या उष्णतेत कोवळी मुळं होरपळतात. कुजायला दोन-तीन महिने जातात आणि काठोकाठ भरलेली बॅग खचून निम्मी होते. चिपाडांना मुंग्याही लागतात, म्हणून आधी एक रात्र भिजवायची.

तेव्हा पहिलीच वेळ असेल आणि याच उन्हाळ्यात भेंडी खायची असेल, तर माती, कोकोपीट, गांडूळखत समसमान घ्या. पन्नासेक दिवसांत भेंडी सुरू होते. तळमजल्यावर अंगण असेल तर कोकोपीटवर पैसे घालवू नका, माती-शेणखत पुरे. आठवड्यातून तीन दिवस घरी नसणाऱ्यांनीही मातीच घ्यावी. गच्ची असेल तर चार बॅगा मिश्रणाच्या पेरा आणि शेजारी दोन पाल्याच्या भरून ठेवा. पावसाळी पेरणीपर्यंत त्यातलं खत चहापावडरीसारखं होतं, विकतचं गांडूळखत लागत नाही.

बदामाची पानं जाड असतात, हातानं चुरूनच टाका. आणि वॉचमनला आजच सांगून ठेवा, रविवारपर्यंत पोती पेटवू नकोस म्हणून.