कासा लोमाच्या तिसऱ्या मजल्यावरची पलटण

टोरांटोत पाहुणे आले की नायगारा, सीएन टॉवर आणि कासा लोमा या तीन जागा ठरलेल्याच. कासा लोमा म्हणजे किल्ल्यासारखा जुना वाडा. आत शिरलं की लोक खालच्या मोठ्या दालनात फोटो काढतात, वाडा बांधणारे सर हेन्री पेलाट यांची संगमरवरी बाथरूम बघतात, भुयारातून तबेल्यापर्यंत जाऊन येतात आणि पाय बोलायला लागले की बाहेर पडतात. तिसऱ्या मजल्यावर क्वीन्स ओन रायफल्स ऑफ कॅनडा या पलटणीचं संग्रहालय आहे, ते बहुतेकांचं राहून जातं. माझी मावशी एका टूर बसने गेली होती, तिला तर वर असं काही आहे हे कुणी सांगितलंही नव्हतं. हा रिव्ह्यू त्या तिसऱ्या मजल्यापुरता आहे. बाकीच्या वाड्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

आम्ही गेलो ते सासऱ्यांना घेऊन. आम्ही सुना त्यांना मामा म्हणतो. मामांची नोकरी साखर कारखान्यात झाली, आणि तिच्या जोडीला कोल्हापूरच्या टेंबलाईवरची १०९ टी.ए., म्हणजे टेरिटोरियल आर्मीची (प्रादेशिक सेनेची) बटालियन. वर्षातले दोन महिने ते वर्दीत असायचे, एरवी कारखान्याच्या स्टोअरमध्ये. त्यामुळे 'रिझर्व्ह रेजिमेंट' म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. उलट त्यांनीच मला ते नीट बघायला लावलं.

कॅनडात रिझर्व्हचे सैनिक आठवड्यातली एखादी संध्याकाळ आणि महिन्यातला एखादा शनिवार-रविवार कवायतीला देतात. बाकी दिवस कुणी बँकेत, कुणी कॉलेजात, कुणी बांधकामावर. क्वीन्स ओन ही त्यातलीच, टोरांटोची पलटण. शहराच्या मध्यावरच्या मॉस पार्क आर्मरीत तिचं ठाणं आहे. स्थापना २६ एप्रिल १८६०, म्हणजे कॅनडा देश म्हणून उभा राहिला त्याच्याही सात वर्षं आधीची. 'क्वीन्स ओन' हे नाव १८६३ मध्ये मिळालं. संग्रहालयातल्या प्रत्येक वस्तूमागे दिवसा दुसरं काही करणारा माणूस आहे. हे डोक्यात ठेवून फिरलात तरच तिथल्या काचा बोलायला लागतात.

सुरुवात गणवेशांपासून करा आणि काचेच्या अगदी जवळ जा. लांबून ते काळे वाटतात. जवळून बघितलं की कळतं, कापड हिरवं आहे, इतकं गडद की उजेड कापडात जिरून जातो. गळपट्टी आणि बाह्यांच्या कडा तेवढ्या लाल. बटणं काळी. चकाकतं पितळ अंगावर शोधावं लागतं. रायफल पलटणींची ही जुनी रीत. बाकीचं पायदळ लाल कोटात रांग धरून उभं राहायचं तेव्हा रायफलवाले झाडाझुडपांच्या आडून, पांगून लढायचे. लांबून दिसेल असं अंगावर काही ठेवायचं नाही आणि हुकूम बिगुलावर घ्यायचा. याच कारणाने रायफल पलटणी निशाण बाळगत नाहीत. क्वीन्स ओनच्या लढायांची नावं तिच्या ढोलांवर रंगवलेली असतात. मामांनी लगेच मराठा लाइट इन्फंट्रीच्या टोपीवरच्या बिगुलाची आठवण काढली, आणि ती जुळणी खरीच आहे. लाइट इन्फंट्री आणि रायफल्स ही एकाच पद्धतीच्या लढाईतून जन्मलेली भावंडं.

आता रिजवे. मला विचाराल तर या पलटणीच्या इतिहासात सगळ्यात जास्त थांबावं असं ठिकाण हे आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्याही आधी. १८६६ सालची गोष्ट. अमेरिकेतले आयरिश फेनियन, त्यांतले कितीतरी यादवी युद्ध लढून आलेले, बफेलोहून नायगारा नदी ओलांडून कॅनडात घुसले. ब्रिटनच्या ताब्यातला कॅनडा धरायचा आणि त्याच्या बदल्यात आयर्लंड सोडवायचा, असा त्यांचा बेत. त्यांना अडवायला टोरांटोहून क्वीन्स ओनची पोरं निघाली. पोरं म्हणते, कारण त्यात टोरांटो विद्यापीठाची अख्खी एक कंपनी होती आणि ते परीक्षेचे दिवस होते. २ जूनच्या सकाळी रिजवे गावाजवळ गाठ पडली. एका कंपनीला एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या नव्या स्पेन्सर रायफली दिलेल्या, पण काडतुसं मोजकीच. सुरुवातीला यांनी फेनियनांना मागे रेटलं. मग कुणीतरी ओरडलं, घोडदळ आलं! घोडदळाला तोंड द्यायला चौकोन करायचा हुकूम सुटला. घोडदळ नव्हतंच, आणि दाटीने उभा राहिलेला चौकोन गोळ्यांना आयता सापडला. पुन्हा पांगायचा हुकूम, मग माघारीचा बिगुल, आणि सगळी फळी विस्कटली. क्वीन्स ओनचे ९ जण गेले. त्यातले तिघे, टेम्पेस्ट, म्यूबर्न आणि मॅकेन्झी, विद्यापीठाच्या कंपनीतले.

ही हार होती, आणि पलटण ती लपवत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. पुढच्याच वर्षी कॅनडाचं संघराज्य झालं. सीमा उघडी आहे ही धास्ती त्यामागच्या कारणांपैकी एक होती.

१८८५ च्या, कॅनडाच्या वायव्य भागातल्या मूलनिवासींवरच्या मोहिमेकडे मात्र दोन्ही डोळे उघडे ठेवून बघावं. कट नाइफ टेकडीवर कर्नल ऑटर यांच्या तुकडीत क्वीन्स ओनचीही माणसं होती. हे ऑटर रिजवेलाही होते. पहाटे क्री आणि असिनिबोइन लोकांच्या तळावर हल्ला झाला, तो फसला आणि सैन्याला माघार घ्यावी लागली. सरदार पाउंडमेकर यांनी आपल्या योद्ध्यांना पाठलाग करू दिला नाही, नाहीतर फार माणसं मेली असती. त्याच पाउंडमेकरना पुढे राजद्रोहाखाली तुरुंगात टाकलं. कॅनडा सरकारने त्यांना निर्दोष ठरवलं ते २०१९ मध्ये. मुलांना घेऊन गेलात तर हे त्यांना जरूर सांगा.

संग्रहालय या वाड्यातच का, हा प्रश्न तिथं उभं राहिलं की पडतोच. पेलाट लहान वयात या पलटणीत साधे रायफलमन म्हणून दाखल झाले आणि चढत चढत तिचे कमांडिंग ऑफिसर झाले. विजेच्या धंद्यात त्यांनी अमाप पैसा केला. १९१० मध्ये पलटणीला ५० वर्षं झाली तेव्हा सहाशेच्या आसपास माणसं त्यांनी स्वतःच्या खर्चाने जहाजातून इंग्लंडला, ऑल्डरशॉटच्या सरावाला नेली. त्यानंतर १९११ ते १९१४ या काळात हा ९८ खोल्यांचा वाडा उभा राहिला. दहा वर्षांत पैसा संपला आणि वाडा गेला. १९३९ मध्ये ते वारले तेव्हा जवळ फारसं काही उरलं नव्हतं, पण अंत्ययात्रा पूर्ण लष्करी इतमामात निघाली. श्रीमंतीच्या प्रदर्शनासाठी कासा लोमा बघणाऱ्यांना हा माणूस अर्धाच कळतो, असं माझं मत आहे.

पहिल्या महायुद्धात पलटण स्वतःच्या नावाने गेली नाही. तिची माणसं आकड्यांच्या बटालियनींतून, मुख्यतः तिसऱ्या बटालियनीतून लढली. मी इथं भरभर पुढे गेले, कारण पुढे ६ जून १९४४ होता, दोस्त सैन्य फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं तो दिवस.

बर्निएर-स्युर-मेर, जुनो बीच. पुढे असायला हवे होते ते रणगाडे वेळेवर पोचले नव्हते आणि बी कंपनीच्या होड्या थेट जर्मन तळासमोर लागल्या. काही मिनिटांत या कंपनीचे ६५ जण पडले, कुणी मेले, कुणी जखमी. लेफ्टनंट हर्बर्ट, लान्स कॉर्पोरल तेसिए आणि रायफलमन चिकोस्की हे तिघे भिंतीच्या कडेने सरकत गेले आणि हातबॉम्ब व स्टेनगनने एक पिलबॉक्स (मशिनगनचा काँक्रीटचा मोर्चा) बंद पाडला, तेव्हा मागच्यांना वाट मिळाली. त्या एका दिवसात क्वीन्स ओनचे ६१ जण मेले. जुनोवर उतरलेल्या कुठल्याच कॅनेडियन पलटणीचं इतकं नुकसान झालं नाही. ए कंपनीचे सार्जंट मेजर चार्ली मार्टिन डिक्सीचे शेतकरी होते. डिक्सी म्हणजे आज आमच्या मिसिसागात रोज लागणारा डिक्सी रोड जिथून जातो तो भाग. मी त्याच रस्त्याने कामाला जाते. तिथं एकेकाळी शेतं होती आणि तिथला शेतकरी नॉर्मंडीच्या वाळूत उतरला, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

सार्जंट ऑब्री कोझेन्स यांची हकिगत मामांनी माझ्याकडून दोनदा सांगून घेतली. २६ फेब्रुवारी १९४५, जर्मनीतलं मूसहोफ. प्लॅटूनमध्ये स्वतः धरून पाचच जण उरलेले. गोळ्यांच्या माऱ्यात धावत जाऊन ते रणगाड्यावर बसले, नेम कुठं धरायचा ते दाखवत राहिले, रणगाडा घराच्या भिंतीवर घालायला लावला आणि तीन इमारती एकट्याने साफ केल्या. वरिष्ठांना खबर द्यायला निघाले आणि स्नायपरची गोळी लागली. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिश साम्राज्यातलं शौर्याचं सर्वोच्च पदक.

"त्या वक्ताला आपली मराठा पलटण इटलीत," मामा म्हणाले. ते बरोबर आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या यशवंत घाडगे यांनी इटलीतल्या टायबरच्या खोऱ्यात प्राण दिला तो १० जुलै १९४४ ला, तेव्हा क्वीन्स ओन नॉर्मंडीतल्या कान (Caen) शहराच्या परिसरात लढत होती. त्याच पलटणीतल्या नामदेव जाधव यांचा सेनिओ नदीवरचा पराक्रम कोझेन्स यांच्यानंतर सहा आठवड्यांनी, ९ एप्रिलचा. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. मामा मग म्हणाले, "आमच्यासारखंच की गं हे. दिवसा कारखाना, आणि हाक आली की पलटण."

जाणाऱ्यांसाठी कामाचं: संग्रहालयाला वेगळं तिकीट नाही, ते कासा लोमाच्या तिकिटातच येतं. आधी थेट तिसऱ्या मजल्यावर जा, पाय ताजे असताना, आणि वाडा नंतर बघा. तासभर तरी ठेवा. डुपॉन्ट स्टेशनवरून चालत गेलात तर वाटेत बॉल्डविन स्टेप्सच्या ११० पायऱ्या लागतात. आईवडील सोबत असतील तर गाडीच करा. सात-आठ वर्षांच्या मुलांना बंदुका आवडतील, पण रिजवेची गोष्ट कळायला बारा-तेरा वर्षांचं मूल हवं. जायच्या आधी संग्रहालयाच्या वेबसाइटवर पलटणीच्या युद्धकाळातल्या रोजनिश्या वाचून जा. परतताना वेळ उरला तर क्वीन्स पार्कच्या पश्चिमेला रिजवेच्या स्वयंसेवकांचं १८७० सालचं स्मारक आहे. तिथं फारसं कुणी नसतं आणि गाडी लावायला थोडं फिरावं लागतं.