नातीच्या घरच्या शाळेला सरकारचे पैसे : फ्लोरिडातल्या शिष्यवृत्तीचा अनुभव

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळांत मी ३१ वर्षं शिकवलं. शेवटच्या शाळेत एकाच खोलीत चार वर्ग भरायचे, पहिली-दुसरी खिडकीकडे आणि तिसरी-चौथी दाराकडे. त्यामुळे लेकीने फोनवर सांगितलं की चौथीतल्या नातीला शाळेतून काढलंय, आता घरीच शिकवणार आणि त्यासाठी पैसेही मिळणार, तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही. रोज सकाळी पोरीच्या पोटात दुखायचं, वर्गात ती तोंड उघडेनाशी झाली होती, हे मला ठाऊक होतं. तरी शाळा सोडवायची हे काही मनाला पटेना. सप्टेंबर २०२४ मध्ये मी अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या टॅम्पाला लेकीकडे गेले आणि जवळजवळ सहा महिने राहिले. इथे गोव्यात मला कितीतरी जणींनी त्या शिष्यवृत्तीबद्दल विचारलं, म्हणून जे पाहिलं ते लिहिते.

योजनेचं नाव पर्सनलाइझ्ड एज्युकेशन प्रोग्रॅम, सगळे 'पेप' म्हणतात. २०२३ च्या कायद्याने फ्लोरिडातल्या बालवाडी ते बारावीच्या प्रत्येक मुलाला, घरचं उत्पन्न कितीही असो, शिष्यवृत्तीचा दरवाजा उघडला. कमी उत्पन्नाच्या घरांना आधी प्राधान्य, एवढंच. खासगी शाळेत जाणाऱ्यांसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे, आणि पूर्णवेळ शाळेत न जाता घरी शिकणाऱ्यांसाठी ही 'पेप'. पहिल्या वर्षी २०,००० मुलांची मर्यादा होती, पुढे दरवर्षी ४०,००० जागा वाढवता येतील असं कायद्यातच लिहिलं होतं. रक्कम इयत्ता आणि जिल्ह्याप्रमाणे बदलते, साधारण ८,००० डॉलरच्या आसपास. ती हातात मिळत नाही. नातीच्या नावाच्या खात्यात वर्षातून चार हप्त्यांत जमा होते.

हे पैसे सरकारी कचेरीतून वाटले जात नाहीत. सरकारमान्य ना-नफा संस्था हे काम करतात. कंपन्या त्या संस्थांना देणगी देतात आणि तेवढी रक्कम त्यांच्या राज्याच्या करातून वजा होते. २००१ पासून ही पद्धत तिथे चालू आहे. मला हे समजायला दोन दिवस लागले. जावयाने कागदावर बाण काढून दाखवलं तेव्हा डोक्यात शिरलं.

आता खर्चाचं. पुस्तकं, अभ्यासक्रम, शिकवणी, परीक्षेची फी, शिकण्यासाठी लागणारं साहित्य यावर हे पैसे चालतात. लेकीने गणिताचा पूर्ण संच घेतला, आठवड्यातून दोनदा वाचनाच्या बाईंची शिकवणी लावली आणि एक सूक्ष्मदर्शक मागवला. त्या सूक्ष्मदर्शकाची गोष्ट सांगायलाच हवी.

तो तिने आधी स्वतःच्या पैशाने घेतला आणि मग पावती पाठवली. तीन आठवड्यांनी दावा परत आला. पावतीवर वस्तूचं नाव होतं, किंमत होती, पण पैसे चुकते झाल्याची नोंद नव्हती. तिने बँकेचा उतारा जोडला. पुन्हा परत, कारण उताऱ्यावर दुकानाचं नाव वेगळ्या रूपात आलेलं. तिसऱ्यांदा फोन केला तर बराच वेळ नुसतं संगीत वाजत राहिलं. मी शेजारी तांदूळ निवडत बसले होते. ताट संपलं तरी माणूस काही बोलायला आला नाही. शेवटी पैसे आले, पण डिसेंबर उजाडला. ज्या घरात महिनाअखेरीला हात आखडतो, त्या घराने इतके दिवस कुठून काढायचे? योजनेतली सगळ्यात कमकुवत जागा मला हीच वाटली. जिथे खात्यातून थेट दुकानदाराला पैसे जातात, तिथे मात्र काहीच अडलं नाही. गणिताचा संच असाच आला, आठवड्याभरात.

आणि त्या सूक्ष्मदर्शकाने काय केलं तेही सांगते. ऑक्टोबरात मिल्टन वादळ आलं, वीज गेली, शाळा बंद पडल्या. आमची शाळा जेवणाच्या टेबलावरच होती, ती चालू राहिली. वादळ निघून गेल्यावर नातीने अंगणात पडलेलं ओकचं पान आणलं, त्याची पातळ साल काढून काचेवर ठेवली आणि आरशाने उन्हाचा कवडसा खाली पाडला. बराच वेळ डोळा लावून होती. मग म्हणाली, ''आजी, यात तोंडं आहेत. खूप छोटी छोटी.'' पानाची रंध्रं दिसली होती तिला. सहा महिने जिने वर्गात हात वर केला नव्हता, तिने त्या दिवशी वहीची दोन पानं भरून चित्रं काढली. माझ्या शाळेत सूक्ष्मदर्शक नव्हता. असता तर माझी किती मुलं अशी बोलती झाली असती, हा विचार त्या रात्री मला सोडेना.

पण हे सगळं जुळून आलं त्याचं कारण लेकीने नोकरी सोडली. आईच्या वेळेचे पैसे या योजनेत धरलेले नाहीत. सकाळी आठ ते दुपारी एक ती नातीसमोर बसायची, रात्री पावत्या लावायची. शेजारच्या घरातली बाई एकटी, इस्पितळात पाळ्या करणारी. तिने मुलासाठी खासगी शाळेची शिष्यवृत्ती घेतली. फी शिष्यवृत्तीपेक्षा जास्त, वरचे पैसे पदरचे, ने-आण पदरची. शिवाय खासगी शाळेला प्रत्येक अर्जदाराला प्रवेश द्यावाच लागतो असं नाही. पहिल्या शाळेने तिच्या मुलाला घेतलं नाही, दुसरी बरीच लांबची मिळाली. कागदावर दोघींना सारखीच निवड होती.

देखरेखीबद्दल माझं मत कडक आहे. वर्षाच्या सुरुवातीला अभ्यासाचा आराखडा द्यायचा आणि वर्षातून एकदा प्रमाणित चाचणी देऊन निकाल कळवायचा, एवढंच. आमच्याकडे भागशिक्षणाधिकारी यायचे तेव्हा आम्ही घाबरायचो, पण ते मुलांशी बोलायचे, पाढे म्हणून घ्यायचे, कोण उपाशीपोटी आलंय हे त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. पोरगं कसं आहे हे वर्षातून एकदा तरी कुणी समोर बसून पाहायला हवं. माझी नात सुखात आहे. सगळीच मुलं असतील असं मी धरून चालणार नाही.

गोव्यात हे आणा, असं मला काहीजण म्हणतात. आपल्याकडे सरकारी पैसा शाळेकडे जातो. अनुदानित शाळेतल्या शिक्षकांचा पगार, मुलांना ने-आण करणारी बालरथ बस, माध्यान्ह आहारातला भाजी-पाव, हे सगळं त्यातूनच. १९९० मध्ये प्राथमिकचं अनुदान मराठी-कोकणी माध्यमाच्या शाळांना द्यायचं ठरलं, २०११ मध्ये ते इंग्रजीलाही खुलं झालं, तेव्हा आमच्या घरात महिनोन्‌महिने दुसरा विषय नव्हता. तो पैसा मुलाच्या पाठीवर बांधून दिला असता तर माझी शेवटची शाळा आणखी लवकर ओस पडली असती. मी रुजू झाले तेव्हा पटावर ४२ मुलं होती, निवृत्त झाले तेव्हा ११. त्या अकरांच्या आयांपैकी कुणालाच घरी बसून शिकवणं शक्य नव्हतं. कुणी काजूच्या कारखान्यात, कुणी लोकांच्या घरी भांडी घासायला. त्यांना चांगली शाळा चालत जाण्याच्या अंतरावर हवी होती. खात्यातल्या पैशाने ती मिळाली नसती.

तुमची लेक किंवा सून तिथे असेल आणि घरी शिकवायचं ठरवत असेल, तर 'पेप' घ्यायला सांगा, माझ्या नातीचं त्यात भलं झालं. फक्त अर्ज लवकर करा. आधी जिल्ह्याकडे 'होम एज्युकेशन' म्हणून नोंद केली असेल तर ती रीतसर बंद करावी लागते, कारण 'पेप'ची मुलं त्या नोंदीत धरत नाहीत. शक्य तिथे स्वतः पैसे भरू नका, थेट खात्यातून द्या. आणि पावती घेताना पैसे चुकते केल्याची नोंद तिच्यावर आहे ना, ते दुकानातच बघून घ्या.